हिंदूरावच्या फाटकाशी गुग्गुळाची गोष्ट

आज मी दिल्लीत, हिंदूराव रुग्णालयाच्या फाटकाशी आहे. हे नाव आपल्या कागलच्या घाटग्यांचं. हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझरचा खून झाला, त्यानंतर टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला. तिथेच आज हे रुग्णालय आहे.

मी आलो होतो तो बंगला पाहायला. माझं मराठी ऐकून एक काका थांबले. हातात कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट. म्हणाले, "गुग्गुळ सुरू केला, तर डॉक्टरांची गोळी बंद करता येईल ना?"

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. १९६६ च्या त्यांच्या प्रबंधात निष्कर्ष होता, की सशांचं वाढलेलं कोलेस्टेरॉल गुग्गुळानं उतरतं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं त्यातून 'गुगुलिप' हे औषध तयार केलं. आणि सत्यवती इथे दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

गुग्गुळातला मुख्य घटक गुग्गुलस्टेरॉन, म्हणजे वनस्पतीतला स्टेरॉइड. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती पुरेशी झाली, की 'एफएक्सआर' नावाचा पहारेकरी काम थांबवायला लावतो. गुग्गुलस्टेरॉन या पहारेकऱ्यालाच अडवतं, असं २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. वाटलं, कोडं सुटलं!

पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ४ ते ५ टक्के वाढलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ५ टक्के उतरलं. काहींच्या अंगावर पुरळही आलं.

म्हणून सत्यवती चुकल्या का? मला तसं वाटत नाही. जुन्या ग्रंथातलं वाक्य त्यांनी नुसतं डोक्यावर घेतलं नाही, ते तपासायला घेतलं. ती तपासणी पुढे चालू राहिली, इतकंच.

काकांना मी एवढंच म्हणालो, "गुग्गुळाला मान द्या, पण गोळी बंद करण्याआधी आत जाऊन डॉक्टरांना विचारा." काकांनी रिपोर्टची घडी घातली आणि ते पुन्हा ओपीडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.