कुंपणाच्या आत कोणी जायचे?

जगातला पहिला औद्योगिक रोबो १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. त्याचे नाव युनिमेट. पेटंट जॉर्ज डेव्हॉल यांचे. ते बाजारात आणण्याची खटपट जोसेफ एंगलबर्गर यांची. डाय-कास्टिंग मशीनमधून तापलेला भाग उचलून बाहेर काढायचा, एवढेच त्याचे काम. माणसाच्या हाताला भाजायची भीती, म्हणून तिथे यंत्राचा हात बसवला. म्हणजे रोबो आला तोच सुरक्षेचे कारण सांगत. त्याच्यापासून माणसाला जपावे लागेल, त्यासाठी परीक्षा घ्याव्या लागतील, प्रमाणपत्रे द्यावी लागतील, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. भोवती कठडा घातला की झाले, अशी समजूत होती.

ही समजूत दिसायला बरोबर होती. रोबो नीट चालतो तेव्हा त्याच्याजवळ माणसाची गरजच नसते. पण रोबो अडतो. पकडीतून भाग निसटतो, सेन्सरवर धूळ बसते, नवे मॉडेल आले की हाताला नव्या जागा दाखवाव्या लागतात. मग कुणाला तरी कुंपणाच्या आत जावेच लागते. रोबो-सुरक्षेच्या प्रमाणपत्राची सगळी कुळकथा या आत जाणाऱ्या माणसाभोवती फिरते.

१९७९ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात सुटे भाग काढायला मांडणीवर चढलेला २५ वर्षांचा कामगार यांत्रिक हाताचा फटका बसून दगावला. १९८१ च्या जुलैत जपानमधल्या आकाशी येथे, कावासाकीच्या कारखान्यात, ३७ वर्षांचा देखभाल कामगार बिघडलेला रोबो पाहायला गेला. कुंपणाला जाळीचे दार होते आणि ते उघडताच वीज तुटण्याची सोय होती. तो दार न उघडता कुंपण ओलांडून गेला. रोबोच्या हाताने त्याला गिअर घडवणाऱ्या मशीनवर दाबले; तोही दगावला.

जपानने याचा धडा कायद्यात लिहिला. १९८३ मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा नियमांत दुरुस्ती झाली. रोबोला ‘शिकवणाऱ्या’ आणि त्याची तपासणी करणाऱ्या माणसाला विशेष प्रशिक्षण दिल्याशिवाय मालकाने ते काम देऊ नये, असे ठरले. तासही नेमून दिले: शिकवणाऱ्याला ७ तास वर्गात आणि ३ तास प्रत्यक्ष यंत्रावर; तपासणाऱ्याला ९ आणि ४. रोबोवर काम करायची परवानगी यंत्राच्या दर्जाइतकीच माणसाच्या तयारीवरही ठरवणारा हा नियम मला या क्षेत्रातला मोठा टप्पा वाटतो.

विचार मात्र त्याहून जुना आहे, आणि आपल्याकडेही होता. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २२ चालू यंत्राजवळच्या कामाबद्दल होते. असे काम खास प्रशिक्षित माणसानेच करायचे, त्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट असायला हवेत आणि ते मालकाने पुरवायचे, त्याचे नाव नोंदवहीत हवे आणि नेमणुकीचे प्रमाणपत्र त्याच्या हाती हवे, असे ते कलम सांगत असे. यंत्राच्या पट्ट्यात सदऱ्याची बाही अडकून माणसे मरत, त्या काळाचे हे शहाणपण आहे. रोबोने त्यात नवी अडचण आणली. पट्टा कुठे फिरतो हे डोळ्यांना दिसते. थांबलेल्या रोबोचे काम संपले आहे की तो पुढच्या सिग्नलची वाट पाहतो आहे, हे नुसते बघून कळत नाही.

म्हणूनच नुसत्या प्रशिक्षणाने भागले नाही. १९८४ च्या जुलैत मिशिगनमध्ये डाय-कास्टिंगचा १५ वर्षांचा अनुभव असलेला ३४ वर्षांचा कामगार रोबोच्या टप्प्यात शिरला. काम किरकोळ होते: पडलेला धातूचा कचरा साफ करणे. रोबोची मागची बाजू आणि लोखंडी खांब यांच्यामध्ये तो चिरडला आणि पाच दिवसांनी वारला. तीनच आठवड्यांपूर्वी त्याने रोबोंचा आठवडाभराचा अभ्यासक्रम पुरा केला होता. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने या घटनेवरून त्याच वर्षी देशभर इशारा काढला. मला यातला ‘मागची बाजू’ हा तपशील फार बोलका वाटतो. सगळ्यांचे लक्ष पुढच्या हाताकडे असते. हात वळला की मागचा भागही तितक्याच जोराने वळतो.

पुढे मानके आली. १९८६ मध्ये अमेरिकेचे आर १५.०६, १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय आयएसओ १०२१८. त्यांतून घडलेली एक वस्तू जवळून पाहण्याजोगी आहे: रोबोला शिकवताना हातात धरायच्या टीच पेंडंटवरचे एनेबलिंग बटण. ते सोडले की रोबो थांबतो, अर्धवट दाबून धरले की चालतो, आणि पूर्ण आवळले की पुन्हा थांबतो. घाबरलेला माणूस हातातली वस्तू सोडतो किंवा गच्च आवळतो. दोन्ही वेळा तो वाचावा, म्हणून या तीन अवस्था. शिवाय शिकवताना हाताचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. प्रमाणपत्राच्या परीक्षेत हे विचारतात. पण बटणाला टेप गुंडाळून कामे उरकली जात असतील, तर पास झालेल्याचे ज्ञान काय कामाचे?

यानंतर प्रश्न बदलला. आत जाणाऱ्याला शिकवले, पण रोबो, त्याची यंत्रे आणि कुंपण मिळून होणारी रोबो-सेल मुळात मांडली कुणी? धोक्याचा हिशेब कुणी केला? जपानमध्ये २००४ पासून ‘सेफ्टी असेसर’ ही पायऱ्यापायऱ्यांची पात्रता सुरू झाली. पुढे तिची खास रोबोंसाठीची शाखा निघाली. अमेरिकेत रोबो उद्योगाच्या संघटनेने २०१२ मध्ये रोबो बसवून देणाऱ्या कंपन्यांसाठी प्रमाणपत्र सुरू केले. त्यात कंपनीचे ऑडिट होते, माणसांची परीक्षाही. २०१६ मध्ये आयएसओने कुंपणाविना माणसाशेजारी चालणाऱ्या कोबोटसाठी तांत्रिक विनिर्देश काढला. शरीराच्या २९ जागी वेदनेची सीमा किती, हे १०० माणसांवर मोजून त्यातले दाबाचे आकडे बसवले आहेत. जोरालाही मर्यादा आहे: चेहऱ्यावर ६५ न्यूटनपेक्षा जास्त नको, हाताच्या पंज्यावर १४० पर्यंत. आता सेल मांडणाऱ्याला हा जोर मोजून दाखवावा लागतो. कुंपण आहे की नाही एवढे सांगून भागत नाही.

आज चाकण, तळेगाव, वाळूजच्या कारखान्यांत वेल्डिंगपासून पॅकिंगपर्यंत रोबो आहेत. तिथे प्रमाणपत्र बहुधा इंजिनिअरच्या फाइलमध्ये असते आणि झाडू ठेकेदाराच्या माणसाच्या हातात. हा माणूसही आत जातो. आपल्या शॉपफ्लोअरवर रोबो-सेल असेल, तर प्रशिक्षणाच्या यादीत त्याचे नाव घाला, तो आत असताना रोबो सुरू होऊ नये म्हणून दाराला लावायचे स्वतःचे कुलूप त्याला द्या, आणि ते होईपर्यंत त्याला आत पाठवू नका.