टाळ-मृदंगावरचा नाताळ

मोहोळमध्ये वाढलेल्या आपल्या बॅचला भजनाची रीत सांगावी लागत नाही. बुवांनी चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी तो उचलायचा. मराठी चर्चमधल्या उपासनेत, अगदी नाताळच्या गाण्यांतही, ही रीत रुजली ती मात्र सहजासहजी नाही.

अमेरिकन मराठी मिशनच्या सुरुवातीच्या काळात इंग्रजी चालींवर भाषांतरित गीते म्हणत. परक्या चालीत मराठी ऱ्हस्व-दीर्घ भलत्याच जागी ओढले जात. शिवाय हाती पुस्तक हवे आणि ते वाचताही यायला हवे. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची वाट धरली. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने शेकडो गीते रचली. अक्षरओळख नसलेलाही ध्रुपद धरू लागला. नाताळच्या मोठ्या कार्यक्रमांना मी आजही हीच कसोटी लावते: मंचावरचे थांबले, तर समोरचे गातील का?

टिळकांना याची किंमत घरात मोजावी लागली. धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई दूर झाल्या. काही काळ त्या आपल्या शेजारच्या पंढरपुरात राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा येशूचे ओवीबद्ध चरित्र ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. (दुसऱ्याने अर्धवट सोडलेला कोड पुढे लिहिणे किती अवघड, ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. इथे तर ओव्या होत्या!)