पहिल्या पावसाची भाजी

शेवंती महाराष्ट्रात फुलासाठीच लावली जाते. तिच्या पानांची भाजी करण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु तिच्याच कुळातील, मूळ भूमध्य समुद्राकाठच्या एका वनस्पतीची कोवळी पाने जपानमध्ये ‘शुंगिकू’ आणि चीनमध्ये ‘तोंग हाव’ या नावांनी आवडीने खाल्ली जातात, आणि युरोपात मात्र तीच वनस्पती मुख्यतः शोभेसाठी लावली जाते. पानाला भाजी म्हणायचे की तण, हे ते पान खाणारा समाज ठरवत असतो, आणि डहाणू-तलासरीतील वारली समाजाच्या रानभाज्यांचा इतिहास याच दृष्टीने वाचावा लागतो.

पहिल्या पावसानंतर डोंगरउतारांवर कोळीची (वारली बोलीत कोलीची) लांब, गवतासारखी पाती उगवते. कोळी हे सफेद मुसळीच्या जातीच्या कंदवर्गीय झाडांचे स्थानिक नाव असून इतरत्र त्यांना फोडशी किंवा कुलू म्हणतात. पातीच्या बुडातला पांढरा, चिवट भाग काढून ती बारीक चिरतात. ही भाजी आधी देवाला व पूर्वजांना दाखवायची आणि मगच घराने खायची, अशी रीत आहे. म्हणजे पावसाळ्याचा आरंभ येथे पंचांगाने नव्हे, तर पानाने ठरतो.

शेवळाचे शास्त्र याहून अवघड आहे. सुरणाच्या कुळातील या कोंबात घशाला खाजवणारे सूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून वरचे आवरण सोलून, आतला पिवळा भाग टाकून, ते काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर शिजवतात. बाजारात शेवळाच्या जुडीशेजारीच काकडाचा वाटा मांडलेला दिसतो, तो यामुळेच.

अशा भाज्यांना ‘दुष्काळी अन्न’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यामागे पिढ्यांची पारख आहे; मात्र भुकेचा संदर्भही त्यातून वगळता येणार नाही. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातला वावर निर्बंधाखाली आला, जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या, आणि पावसाळ्यात घरचे धान्य संपले की वारल्यांना खावटी, म्हणजे पोटापुरते उसने धान्य, घ्यावी लागे. ती वाढीसह फेडता फेडता कुटुंबे वेठबिगारीत अडकत. खावटीचे आणि रानभाजीचे महिने एकच होते. 23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली, आणि त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला.

पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व वापरण्याचा पारंपरिक हक्क मान्य केला. मुसळीच्या कंदाला औषधी बाजारात मागणी आल्यापासून मात्र कोळीपुढे वेगळे संकट आहे: भाजीसाठी पाती खुडली तर कंद जमिनीत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो, कंदच उपटला तर त्या जागी काही उरत नाही.