शिल्लक हवेची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यातील डोणगाव समुद्रापासून सरळ रेषेतही सुमारे ४०० किलोमीटर दूर. मेहकर तालुक्यातल्या या गावच्या वर्गात पाणबुड्यांच्या हवेचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण दाबाचे गणित शिकायला समुद्र लागत नाही, भरलेली विहीर पुरते. एका परीक्षानळीला आतून कुंकवाचा पातळ लेप द्यावा, तोंड खालीच राहील अशा बेताने तोंडाशी वजन बांधावे आणि ती दोरीने हळूहळू पाण्यात सोडावी. ५ मीटर खोलीवर पाणी नळीत एक तृतीयांश उंचीपर्यंत शिरते, १० मीटरवर निम्म्यापर्यंत. नळी वर काढली, की कुंकू कुठवर धुतले गेले ते मोजता येते. (दोरी शिक्षकांनीच धरावी, मुलांनी कठड्यापासून दूर राहावे.) एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्व्हिन यांनी जहाजावरून समुद्राची खोली मोजण्यासाठी हेच तत्त्व वापरले होते. त्यांच्या नळीत कुंकवाऐवजी सिल्व्हर क्रोमेटचा लेप असे, एवढाच फरक.

दहा मीटरवर हवेचे आकारमान निम्मे होते, याचा पाणबुड्याच्या दृष्टीने अर्थ काय? तिथे छाती भरण्यासाठी दुप्पट हवा लागते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे जमिनीवरची सुमारे २,४०० लिटर हवा. माणूस मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरले, तर ती जमिनीवर २ तास पुरेल, १० मीटरवर १ तास आणि ३० मीटरवर फक्त अर्धा तास. घाबरलेला माणूस याहून कितीतरी जोरात श्वास घेतो. हवा संपायची ती अशाच वेळी संपते, आणि तेव्हा जवळ दुसरी हवा काय आहे, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे पहिले चांगले उत्तर समुद्रावरून नव्हे, खाणीतून आले. बेनुआ रूकेरोल हा फ्रान्समधला खाण-अभियंता. विषारी वायूने भरलेल्या खाणीत शिरणाऱ्या बचाव-कामगारांसाठी त्याने १८६० मध्ये एक झडप बनवली. श्वास घेतला की उघडायची आणि सोडला की मिटायची, अशी. पुढे नौदल अधिकारी ओग्युस्त देनेरूझ याच्या साहाय्याने त्याने ती पाण्याखाली नेली. त्यांच्या साधनात पाणबुड्याच्या पाठीवर लोखंडी टाकी असे आणि वरच्या पंपातून नळीने तिच्यात हवा येत राही. नळी सोडवली, तरी टाकीतल्या हवेवर पाणबुड्या थोडा वेळ काम करू शके. आज आपण पाठीवरच्या टाकीला मुख्य साठा समजतो. पण तिचा जन्म शिलकीचा साठा म्हणून झाला होता! जूल व्हर्न यांच्या कॅप्टन नेमोने हेच साधन सुधारून घेतले आणि व्हर्नने दोघांची नावेही कादंबरीत घातली.

टाकीत हवा फार दाबाने भरता येत नव्हती, तोवर नळी सुटणे शक्य नव्हते. ती खऱ्या अर्थाने सुटली दुसऱ्या महायुद्धात. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. नौदलातील झाक कूस्तो यांच्याबरोबर १९४३ मध्ये त्याने ती पाणबुड्यासाठी जुळवून घेतली, आणि स्कूबा हे साधन आजच्या रूपात आले. पाणबुड्या मोकळा झाला, पण वरचा पंप गेल्यामुळे हवेचा अखंड पुरवठाही गेला.

त्या काळी किती हवा उरली हे पाण्याखाली दाखवणारा दाबमापक बहुतेकांकडे नसे. मग पाणबुड्यांनी एक युक्ती स्वीकारली. सिलिंडरच्या तोटीत स्प्रिंग असे. दाब साधारण २० ते ३५ बारपर्यंत उतरला, की श्वास ओढणे जड जाऊ लागे. तेव्हा पाठीमागे हात घालून एक दांडी खाली ओढायची, म्हणजे उरलेली हवा मोकळी होई. अमेरिकन कंपनीच्या यादीतल्या अक्षरावरून तिला ‘जे’ तोटी म्हणत. साध्या तोटीचे अक्षर ‘के’. आमच्या मते ही युक्ती हुशारीची होती, पण तिच्यात एक खोट होती. दांडी कशात तरी अडकून आधीच खाली गेलेली असली, तर शिल्लक नकळत खर्च होऊन जाई. शेवटी माणूस दांडीला हात घाली, तेव्हा ती ओढायला उरलेलीच नसे. ‘शिल्लक आहे’ हा भरवसा शिल्लक नसण्यापेक्षा घातक ठरू शकतो, तो असा. १९७० च्या दशकात दाबमापक सर्रास आले आणि ‘जे’ तोटी मागे पडली.

शिलकीची दुसरी खोट १९४६ मध्येच दिसली होती. दक्षिण फ्रान्समधल्या व्होक्लूज येथील खोल झऱ्यात कूस्तो आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक द्युमा उतरले. खोलवर दोघांचेही डोके बधिर झाले आणि ते जेमतेम जिवंत वर आले. हवा संपली नव्हती, हवाच वाईट होती. सिलिंडर भरणाऱ्या कंप्रेसरने स्वतःचाच धूर ओढून घेतला होता आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता. त्याच कंप्रेसरवर भरलेले आणखी दहा सिलिंडर जवळ असते, तरी उपयोग नव्हता.

इथे विद्यार्थ्यांशी थोडे थांबून बोलावे, कारण हा मुद्दा पाण्यापुरता नाही. दोन साधने एकाच कारणाने बंद पडत असतील, तर ती दोन नव्हेत, एकच आहेत. आज जवळजवळ प्रत्येक पाणबुड्याच्या साधनाला दुसरे मुखपात्र असते. नळी बहुधा पिवळी, म्हणजे गढूळ पाण्यातही चटकन दिसावी. पूर्वी दोघांना एकाच मुखपात्रातून आळीपाळीने श्वास घ्यावा लागे. घाबरलेला माणूस ते परत देईलच, याची खात्री काय? दुसऱ्या मुखपात्राने ती अडचण गेली. पण तेही त्याच सिलिंडरला जोडलेले. ते खरे तर सोबत्यासाठी आहे. आपली हवा संपली, तर आपल्याला सोबत्याचे. सोबती दूर असेल, तर पिवळी नळी नुसती शोभेची.

डोक्यावर छत असलेल्या पाण्यात, म्हणजे गुहांत, सरळ वर येताच येत नाही. अमेरिकेतल्या शेक एक्सली यांनी गुहांतले अपघात तपासून १९७९ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यातला तिसऱ्या हिश्शाचा नियम आजही शिकवतात. एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश परतायला आणि एक तृतीयांश कोणाच्याही अडचणीला.

आता स्वतंत्र लहान सिलिंडरचे गणित करू. हातात मावणाऱ्या एका लहान बाटलीत सुमारे ८५ लिटर हवा मावते. ३० मीटरवर दाब चौपट, आणि घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर घेईल असे धरू. म्हणजे तिथे १२० लिटर. बाटली पाऊण मिनिटही पुरत नाही, तर मिनिटाला १० मीटर या सुरक्षित गतीने वर यायला ३ मिनिटे लागतात. याउलट ३ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला ६०० लिटर हवा असते. सावरायला तळाशी १ मिनिट (१२० लिटर), वर येण्यास सरासरी अडीचपट दाबाने ३ मिनिटे (२२५ लिटर), ५ मीटरवर ३ मिनिटे थांबणे (१३५ लिटर): एकूण ४८० लिटर. बेत जमतो. पण लहान सिलिंडरची झडप आणि दाबमापक मुख्य सिलिंडरपासून पूर्ण वेगळे हवेत, नाहीतर व्होक्लूजचीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर येईल.

आपल्याकडे हे साधन संशोधनाच्याही कामी आले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून एस. आर. राव यांनी १९८० च्या दशकात द्वारकेजवळ समुद्रात पुरातत्त्वीय शोध चालवला. पुढे याच संस्थेच्या पाणबुड्यांनी गोव्याजवळ बुडालेल्या एका जहाजातून मंगलोरच्या बासेल मिशनच्या कारखान्याची कौले वर काढली. त्यांवर १८६५ हे साल आहे. आता मालवणजवळ तारकर्ली येथे राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. स्कूबा शिकताना हाताचा पंजा गळ्यासमोर आडवा फिरवण्याची खूण आधी येते: ‘हवा नाही’. मग सोबत्याचे मुखपात्र घेऊन दोघांनी एकत्र वर येण्याचा सराव. श्वास रोखून वर झेप घ्यायची नाही, हेही तिथेच पटवतात, कारण १० मीटरवर भरलेली छाती वर येताना दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटते. वरची परीक्षानळी उलट्या क्रमाने, एवढेच.

डोणगावच्या वर्गात मात्र आम्ही खाणीकडेच परत जाऊ. बरेच दिवस बंद असलेली विहीर उपसायला उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही, या बातम्या खेड्यापाड्यांतून येतच असतात. कंदील सोडून पाहण्याची जुनी परीक्षा प्राणवायूची कमतरता दाखवते; हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू दाखवत नाही. अग्निशमन दलाचा जवान अशा जागी पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन उतरतो. रूकेरोलने खाणीसाठी योजलेल्या साधनाच्याच कुळातला तो. त्यात हवा सुमारे ५० बारवर आली, की कानाशी शिटी वाजू लागते आणि हवा संपेपर्यंत थांबत नाही. शिटी वाजायला लागल्यावर निघायचे नाही, ती वाजेल तेव्हा आपण बाहेर असू अशा बेताने आधीच निघायचे, असे त्याला शिकवलेले असते.