राखेखालची राजधानी

इतिहासाच्या तासाला मुलांना नकाशातला एखादा बारीक ठिपका शोधायला लावायची मला जुनी खोड आहे. एकदा एका मुलाने कॅरिबियन समुद्रातले माँटसेराट शोधून काढले आणि विचारले, “गुरुजी, एवढ्याशा बेटालाही राजधानी असते?”

“असते की! प्लिमथ,” मी ऐटीत सांगितले. घरी येऊन पुस्तके चाळली, तेव्हा ती ऐट उतरली. त्या राजधानीत आज एकही माणूस राहत नाही.

बेट ब्रिटिश अमलाखालचे. क्षेत्रफळ अवघे १०२ चौरस किलोमीटर. १४९३ साली कोलंबसाने त्याला स्पेनमधल्या एका मठाचे नाव दिले. १६३२ च्या सुमारास शेजारच्या सेंट किट्सवरून आयरिश कॅथॉलिक येथे आले. इंग्रजांचा जाच सोसलेली ही माणसे. त्यांतली पुष्कळशी करारावर राबणारी. पुढे उसाचे मळे उभे राहिले, आफ्रिकेतून गुलाम आणले गेले, आणि याच आयरिशांपैकी कित्येक मळेवाले बनून गुलामांचे धनी झाले. सोसलेला माणूस दुसऱ्याचे सोसणे ओळखतोच असे नाही!

१७ मार्च हा आयरिशांच्या संत पॅट्रिकचा सण. १७६८ साली, धनी मेजवानीत दंग असताना उठाव करायचा, असा बेत गुलामांनी रचला. तो फुटला. नऊ जणांना फासावर चढवले. गुलामगिरी कायद्याने संपायला १८३४ साल उजाडावे लागले. आता त्या तारखेला बेटावर सार्वजनिक सुट्टी असते. पाहुण्याच्या पासपोर्टावर आयरिशांच्या तिपानी शॅमरॉकचा हिरवा शिक्का बसतो. पण त्या सुट्टीत फासावर गेलेल्यांचेही स्मरण असते. फसलेल्या उठावाचा सण करणारी माणसे मला थोर वाटतात.

१८ जुलै १९९५ रोजी दक्षिणेकडचा सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला. १९९६ च्या एप्रिलात प्लिमथ कायमचे रिकामे केले गेले. २५ जून १९९७ रोजी तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोंढा डोंगर उतरला आणि १९ माणसे दगावली. मनाई असलेल्या भागात काही जण आपली शेती सांभाळायला गेले होते. पोटापुढे मनाई ती काय करणार? सुमारे अकरा हजार वस्तीपैकी बहुतेक जण परागंदा झाले; आज पाच हजारही माणसे तेथे नाहीत.

जाऊ इच्छिणाऱ्याने अँटिग्वा गाठावे. तेथून लहान विमानाने वीसेक मिनिटांत माणूस पोहोचतो. जुना विमानतळ ज्वालामुखीने गिळला. २००५ साली उत्तरेकडे नवा झाला. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, तो टाळावा. मार्चमध्ये जावे, त्या सणाला परदेशी गेलेली मुलेबाळे घरी परततात. प्लिमथ पाहायचे तर परवानगी आणि वाटाड्या हवाच.

सरकारी कचेऱ्या उत्तरेला ब्रेड्स येथे हलल्या आहेत. तरी कायद्याच्या कागदावर राजधानी प्लिमथच!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझी चूक कबूल केली आणि ही हकीकत सांगितली. तो मुलगा म्हणाला, “मग गुरुजी, तो ठिपका खोडू का?”

मी म्हटले, “राहू दे, बाळ. ज्यांची घरे त्या ठिपक्याखाली आहेत, त्यांनी अजून तो खोडलेला नाही.”