अंदमानला कधी जावे? ज्येष्ठ आणि जुने आजार असलेल्यांसाठी

घरातल्या हृदयविकार, मधुमेह किंवा दम्याच्या रुग्णाला घेऊन अंदमानला जायचे असेल, तर विमानाच्या तिकिटाआधी समुद्र शांत कधी असतो ते पाहा. तिथले मोठे सरकारी रुग्णालय श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला आहे. हॅवलॉक किंवा नील बेटावर छातीत दुखू लागले, तर पुढच्या उपचारांसाठी साधारण दीड-दोन तास बोटीने यावे लागते. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात.

म्हणून जानेवारी ते मार्च हा काळ निवडा. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस आटोपतो, तसे तिथे नाही. मे महिन्यात सुरू झालेल्या नैर्ऋत्य मोसमी पावसापाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस येतो, शिवाय बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळेही याच सुमारास होतात. त्यामुळे दिवाळीची सुट्टी सोयीची वाटली तरी रुग्णासाठी ती वेळ चांगली नाही. लेप्टोस्पायरोसिसचे रुग्णही पावसाच्या दिवसांत आणि त्यानंतर वाढतात. पायाला जखम असलेल्या मधुमेहींनी साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरू नये.

एप्रिलमध्ये उकाडा आणि दमटपणा वाढतो. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर घामाने पाणी-क्षार कमी होऊन चक्कर येऊ शकते. गोळी मनाने बंद करू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

बोट लागते म्हणून दुकानातून परस्पर गोळी घेणाऱ्यांनी जरा थांबावे. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी तुंबण्याचा आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढण्याचा धोका असतो.

औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभर जास्त घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका. गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. स्कूबा डायव्हिंगसाठी दमा, हृदयविकार किंवा फिट्स असलेल्यांनी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यावी. गर्भवतींनी ते करूच नये. निरोगी व्यक्तीनेही शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी 24 तास जाऊ द्यावेत.

परतल्यावर महिन्याभरात ताप आला, तर डॉक्टरांना अंदमानला जाऊन आल्याचे आवर्जून सांगा. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या तपासण्या त्यावरून ठरतात. पोटऱ्या खूप दुखत असतील, डोळे लाल किंवा पिवळे दिसत असतील, लघवी कमी होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.