इंजिन बदललेल्या गाड्या आणि भोर घाटातले उकळते पाणी

१/ बोनेट उघडून वाफ सोडत घाटाच्या कडेला उभी असलेली जीप आपल्या आईवडिलांच्या पिढीने हमखास पाहिलेली आहे. त्या वाफेमागे महायुद्ध, फाळणी, आयात धोरण, तेलसंकट आणि गॅरेजमधल्या मिस्त्रींची बुद्धी असा मोठा पट आहे. आजचा थ्रेड : इंजिन बदललेली जुनी गाडी थंड ठेवण्याचा आपला इतिहास. 🧵

२/ प्रथम भूगोल. तळोज्याहून कळंबोलीमार्गे पनवेल गाठले की जुना मुंबई-पुणे रस्ता लागतो. खोपोलीपर्यंत तो जवळजवळ सपाट आहे. तिथून खंडाळ्यापर्यंत थोड्याच अंतरात सुमारे ५०० मीटर चढायचे असते. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, हा घाटरस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वेनेही घाट पार केला. पण आजही कर्जतहून गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. चढ इतका खरा आहे.

३/ आता गाडी. विलीज जीप दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत घडली : चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ती. २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. सुट्या भागांतून जीप जोडण्याचे काम माझगावात सुरू झाले आणि पुढे तिचे उत्पादनही भारतातच होऊ लागले.

४/ एक लक्षवेधी तपशील. १९५३ च्या सीजे-३बी जीपमध्ये विलीजने अधिक शक्तीचे ‘हरिकेन’ इंजिन बसवले. ते जुन्या इंजिनापेक्षा उंच होते. म्हणून बोनेटच उंच करावे लागले. हीच उंच नाकाची जीप महिंद्राने पुढे अनेक वर्षे बनवली. इंजिन बदलले की सभोवतालचे सगळे बदलावे लागते, हा धडा खुद्द कारखान्यानेच घालून दिला होता.

५/ अमेरिकेत १९६४ मध्ये पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून ‘जीटीओ’ आणली आणि ‘मसल कार’ची लाट आली. तिथे मोठे इंजिन वेगासाठी आले. आपल्याकडे इंजिन बदलले ते परवडावे म्हणून. हेतू विरुद्ध, पण अडचण एकच : नव्या इंजिनाची उष्णता जुन्या रेडिएटरने बाहेर कशी टाकायची?

६/ आपल्याकडे ही वेळ का आली? जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडत होती. स्वातंत्र्यानंतर, केवळ जोडणी न करता गाड्या इथेच घडवा, असे सरकारी धोरण ठरले. परिणामी १९५४ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघींनीही गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या मोठ्या अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ होत गेले.

७/ त्यात ऑक्टोबर १९७३ चे तेलसंकट आले. काही महिन्यांत जगात कच्चे तेल सुमारे चौपट महागले. शेती आणि मालवाहतूक डिझेलवर चालत असल्याने सरकारने ते पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवले. मग पेट्रोल पिणारी जीप पोसायची कशी? उत्तर गॅरेजमध्ये होते : पेट्रोल इंजिन उतरवा, डिझेल चढवा. कुठे पर्किन्स, कुठे मॅटॅडोरचे. पुढे १९८० च्या दशकात महिंद्रानेच प्यूजोच्या परवान्याने एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन जीपमध्ये आणले. त्याची निर्मिती इगतपुरीला होत असे.

८/ इथे थोडे भौतिकशास्त्र. दीड टनाची भरलेली जीप ५०० मीटर वर नेण्यास सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा लागते. ढोबळ मानाने इंजिन जेवढी ऊर्जा चाकांना देते, जवळपास तेवढीच उष्णता थंड करणाऱ्या पाण्यात जाते. आता १० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला आणण्यास सुमारे २९ लाख ज्यूल पुरतात. म्हणजे एका घाटात ते पाणी दोनदा उकळून वर शिल्लक राहील एवढी उष्णता! रेडिएटरने ती क्षणोक्षणी हवेत सोडली नाही, तर वाफ अटळ.

९/ आणि नेमकी घाटातच हवा कमी पडते. सपाटीवर वेगामुळे वारा जाळीतून आपोआप जातो. चढावर इंजिन पूर्ण जोर लावत असते आणि गाडी मात्र रांगत असते. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर.

१०/ बदललेल्या इंजिनाचा घोळ इथेच होई. नवे इंजिन लांबीला वेगळे; त्यामुळे पंखा जाळीपासून दूर राही किंवा मध्यावर येत नसे. भोवती पत्र्याचे आवरण नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर चाले, म्हणून पट्ट्यावरचा पंखा आणि पाण्याचा पंपही सावकाश फिरत. शिवाय त्या काळच्या या डिझेल इंजिनांत ज्वलन छोट्या पूर्वकक्षात सुरू होई. त्याच्या भिंतींतून पाण्यात अधिक उष्णता उतरे.

११/ आणखी एक छुपा शत्रू : हवेचा बुडबुडा. इंजिनाचा माथा रेडिएटरच्या वरच्या टाकीपेक्षा उंच झाला, तर हवा माथ्यातच अडकते आणि तिथे पाणी पोहोचत नाही. रेडिएटर भरलेला दिसतो, पण हेड तापून वाकते आणि गॅस्केट उडते. इलाज साधा : सर्वांत उंच जागी एक वेगळी छोटी टाकी. पाण्याचा दोष निराळाच. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले की नळ्यांत क्षारांचा थर बसतो आणि तो थर उष्णता अडवतो.

१२/ मिस्त्रींचे उपाय पाहा : पितळी रेडिएटर उघडून नळ्या साफ करणे, जादा ओळींचा कोर डाखणे, पत्र्याचे आवरण घडवणे. दाब धरणारे झाकणही महत्त्वाचे. ७ पौंड दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११ अंशांनी वर जातो. सगळेच उपाय योग्य होते असे नाही. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत सर्रास होती; पण त्यामुळे सपाटीवर इंजिन थंडच राहून झिजते आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरते.

१३/ हा सगळा खटाटोप आज का आठवावा? जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ स्वरूपात हवी, चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरबदल नको. म्हणजे क्वचितच गॅरेजबाहेर निघालेली श्रीमंताची गाडी वारसा ठरते आणि चाळीस वर्षे शेतमाल, वऱ्हाडी व रुग्ण वाहिलेली डिझेल जीप त्या व्याख्येबाहेर राहते.

१४/ नियमामागचा तर्क समजण्यासारखा आहे. नक्कल आणि अस्सल यांत फरक करावाच लागतो. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘मूळ स्वरूप’ हा एकमेव निकष पुरत नाही. जुन्या वाड्यात नंतर घातलेली भिंतही पुरावा असते. जीपमधले डिझेल इंजिन १९७३ नंतरच्या अर्थव्यवस्थेचा पुरावा आहे, आणि डाखलेला जादा कोर त्या काळातल्या कौशल्याचा.

१५/ हा पुरावा झपाट्याने नाहीसा होतो आहे. जुन्या जीपा भंगारात जातात, तांबे-पितळ वितळवले जाते. अ‍ॅल्युमिनियम व प्लास्टिकचे रेडिएटर दुरुस्त होत नाहीत, थेट बदलले जातात; त्यामुळे डाख देणारे हातही कमी होत आहेत.

१६/ म्हणून एक विनंती. घरात जुन्या गाडीचे आरसी बुक असेल तर उघडून पाहा. कायद्याने इंजिनबदलाची नोंद आरटीओकडे करावी लागते. इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ खोडून ‘डिझेल’ केलेले दिसले, तर तो अव्वल दर्जाचा दस्तऐवज आहे. त्याचे छायाचित्र जपून ठेवा. आणि गावात एखादा जुना रेडिएटरवाला असेल, तर त्याच्याशी बोला, तारीख घालून टिपण करा. त्याच्याजवळची माहिती कोणत्याही दफ्तरात मिळणार नाही.

थ्रेड समाप्त. आपल्या घरातल्या गाडीची नोंद खाली जरूर लिहा. 🙏